वरची चार बोटं

आमच्या विभागात मला तोंडावर काका म्हणतात आणि पाठीमागे खडूस म्हणतात, हे मला चांगलं माहीत आहे. म्हणोत. सीटी स्कॅनच्या मशीनवर माझी एकतीस वर्षं गेली. माणसाला टेबलावर आडवं करायचं, त्या गोल भोकातून आत सरकवायचं आणि काचेच्या अलीकडे बसून माइकमध्ये सांगायचं, 'श्वास घ्या, रोखा, सोडा.' एवढंच तर काम. पण तेवढ्यातही लोक घोळ घालतात, आणि घातला की माझं डोकं फिरतं.

सगळ्यांत जास्त फिरतं ते बायपास झालेल्या पेशंटच्या वेळी. हृदयाच्या बंद पडलेल्या वाहिन्यांना वळसा घालून नव्या वाहिन्या जोडतात, त्यांना ग्राफ्ट म्हणतात. काही ग्राफ्ट पायातल्या शिरांचे असतात. पण एक, सगळ्यांत महत्त्वाचा, छातीच्या पिंजऱ्याच्या आतून खाली उतरतो. त्याचं खालचं टोक सोडवून हृदयाला जोडतात, वरचं टोक मात्र जिथल्या तिथे राहतं, गळ्याखालच्या आडव्या हाडामागे, डाव्या हाताला जाणाऱ्या मोठ्या वाहिनीवर. आता मला सांगा, स्वयंपाकघरातला नळ कोरडा पडला तर तुम्ही नळच उघडझाक करत बसता, की वर जाऊन टाकीही बघता? तसंच हे. स्कॅन वरून, त्या हाडापासून घ्यायचा. पण नुसत्या हृदयाचा रोजचा स्कॅन त्याच्या चार बोटं खालून सुरू होतो, आणि आमच्या हाताला तीच सवय असते.

नऊ वर्षांपूर्वी मी माझ्या बायकोच्या स्कॅनमध्ये ती वरची चार बोटं सोडली. विसरलो नाही. मुद्दाम सोडली.

ते सांगतोच. पण आधी त्या मंगळवारचं सांगू दे, कारण त्या दिवसापासून मला पुन्हा घरात बसवत नाही.

मंगळवारी सकाळी एक बाई आल्या, पंचावन्नच्या आसपास, केस अगदी व्यवस्थित कापलेले. सोबत नवरा. बाईंचं केस कापायचं दुकान होतं आणि नवरा टॅक्सी चालवायचा, हे मला न विचारताच दोन मिनिटांत कळलं. कागदावर फक्त 'हृदयाचा सीटी' एवढंच लिहिलं होतं. पण मी कागदावर विश्वास ठेवत नाही. मी म्हणालो, "बाई, गळ्याजवळचं एक बटण सोडा."

नवऱ्यानं डोळे वटारले. बाई हसल्या. त्यांनी बटण सोडलं, तर मधोमध वरून खाली पांढरी रेघ. चौदा वर्षांपूर्वीचं बायपास, दुसऱ्या गावात झालेलं.

"हे कागदावर कुणी लिहायचं?" मी विचारलं.

"मला वाटलं, तुम्हाला आत दिसेलच," बाई म्हणाल्या. "एवढं मोठं मशीन आहे. आणि भाऊ, रागावू नका, पण तुमचे केस कोण कापतं? त्याच्यावर केस करा."

सिस्टर फिसकन हसली. मी तिच्याकडे बघितलं तशी ती सलाइनची नळी सरळ करायला लागली.

बाईंनी सुईसाठी डावा हात पुढे केला. उजव्यात कात्री धरतात म्हणे, तो दुखायला नको. मी उजवाच मागितला. वाहिन्या दिसाव्यात म्हणून देतात ते औषध डावीकडून सोडलं की डाव्या हाडामागची शीर चित्रात इतकी लखलखते की शेजारचं काहीच दिसत नाही, आणि मला नेमकं तेच शेजारचं हवं असतं. बाईंनी तोंड वाकडं केलं, पण हात दिला. सुई टोचत असताना मी विचारलं, "त्रास काय होतो नक्की?"

"काही नाही हो, मनाचं आहे," नवरा म्हणाला. "जिने चढते, बाजारातून चालत येते, काही होत नाही. दुकानात गेली की दुखतं. काम नको असेल दुसरं काय."

"तुम्हाला विचारलं का त्यांनी?" बाई नवऱ्याला म्हणाल्या, आणि मग माझ्याकडे वळल्या. "भाऊ, केस वाळवताना दुखतं. उजव्या हातात ड्रायर, डाव्या हातात ब्रश, आणि डावा हात सारखा वर ओढत राहायचा. दहा मिनिटं झाली की हात भरून येतो आणि छातीत इथे दाबल्यासारखं होतं. हात खाली सोडला की जातं. दोन वर्षं सांगतेय. मागच्या वर्षी दुसरीकडे तपासलं, सगळं उत्तम म्हणाले. तेव्हापासून हे मला नाटकी म्हणतात."

सुई नीट बसली होती, तरी मी उगाच पट्टी पुन्हा दाबत राहिलो.

माझी बायको डावरी होती. शाळेत गणित शिकवायची. फळ्यावर डाव्या हातानं लिहायची आणि लिहिलेलं स्वतःच्याच हातानं पुसलं जाऊ नये म्हणून कोपर उंच धरायची. तिचंही बायपास झालं होतं, तीन ग्राफ्ट. पाच वर्षं छान गेली. मग एक दिवस जेवताना म्हणाली, "अहो, फळ्यावर लिहिताना छातीत दुखतं." मी विचारलं, जिन्यावर? नाही. चालताना? नाही. फक्त फळ्यावर. मी म्हणालो, दहावीचा वर्ग आहे, कुणाच्याही छातीत दुखेल.

तरी मी तिला स्कॅनला आणलं. दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही, माझी बायको आहे, मीच करणार. तेव्हाचं मशीन जुनं. वरून घ्यायचं तर बावीस सेकंद श्वास रोखावा लागायचा. तिला खोकला होता, वर घाबरलेली. दोनदा सराव केला, दोनदा मध्येच ढास लागली. तिनं टेबलावरूनच माझी बाही धरली आणि म्हणाली, "अहो, मला नाही जमणार हो एवढं." मला तिची दया आली. वर कधी काही बिघडलेलं मी तोपर्यंत पाहिलंही नव्हतं. म्हटलं, "बरं, तुझ्यापुरतं कमी करतो." पडद्यावर स्कॅनची हद्द ठरवणाऱ्या चौकटीची वरची रेघ धरली आणि चार बोटं खाली ओढली. बारा सेकंदांत काम झालं. तिनं बाहेर येऊन मला म्हटलं, "तुम्ही होतात म्हणून जमलं." तेव्हा मला स्वतःचंच केवढं कौतुक वाटलं होतं.

रिपोर्ट आला, 'चित्रात आलेल्या भागात तिन्ही ग्राफ्ट उघडे आहेत.' घरी जाऊन मी तिला वाचून दाखवलं, "तिन्ही ग्राफ्ट उघडे आहेत." पहिले तीन शब्द मी गाळले. कशाला तिला गोंधळात टाकायचं?

सिस्टरनं बाईंचं ब्लड प्रेशर उजव्या हाताला घेतलं होतं. मी म्हणालो, "डाव्यालाही घे."

"काका, तुम्हाला नेहमी दोन्ही हात लागतात," सिस्टर कुरकुरली, पण तिनं पट्टा बांधला. उजव्या हाताला एकशे अडतीस होतं. डाव्या हाताला शहाण्णव. तिनं पुन्हा घेतलं. चौऱ्याण्णव.

"पट्टा सैल असेल," ती म्हणाली.

"पट्टा सैल नाही," मी म्हणालो.

मी आत गेलो आणि रेडिओलॉजिस्ट मॅडमना सांगितलं, बायपासची पेशंट आहे, वरून घेतो. त्या दुसऱ्या कुणाचा तरी रिपोर्ट लिहीत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "काका, त्यांच्या किडनीचा रिपोर्ट काठावर आहे. औषध जेवढं कमी जाईल तेवढं बरं. पाठवणाऱ्यांनी फक्त हृदय मागितलंय, तेवढंच घ्या."

"मॅडम, फक्त हृदय मागच्या वर्षी घेतलंय. उत्तम आलं. बाईंचं दुखणं तिथंच आहे."

"आणि श्वास? सिस्टर म्हणत होती, सरावात त्यांना आठ सेकंदांपुढे रोखवत नाही."

"तो माझा प्रश्न."

"काका, तुम्ही भांडताय माझ्याशी?"

"हो," मी म्हणालो. माझा आवाज चढला होता. "दोन हातांच्या प्रेशरमध्ये चाळीसचा फरक आहे, डाव्या हाताला वरूनच रक्त कमी येतंय. तुम्ही एकदा या आणि स्वतः बघा. नाहीतर मला लिहून द्या की वरचं घेऊ नका."

मॅडमनी चष्मा काढून माझ्याकडे बघितलं. एकतीस वर्षांत मी कुठल्या डॉक्टरला असं बोललो नव्हतो, नर्सांना आणि वॉर्डबॉयना बोललो असेन. त्या उठल्या, बाहेर आल्या, स्वतः बाईंच्या दोन्ही मनगटांवर बोटं ठेवून उभ्या राहिल्या. बराच वेळ. मग म्हणाल्या, "औषध मी मोजून देते. वरून घ्या. पण श्वास बिघडला तर दुसऱ्यांदा औषध देणार नाही मी. एकच संधी आहे."

एकच संधी. नवीन मशीनला वरून घ्यायला तेरा सेकंद लागतात. बाई आठव्या सेकंदाला सोडत होत्या.

मी त्यांच्या डोक्याशी स्टूल घेऊन बसलो. दोन्ही हात डोक्यावर घेऊन त्या टेबलावर पडल्या होत्या. छातीला तारा चिकटवलेल्या, ठोके पडद्यावर धावत होते. पहिल्यांदा आठ. दुसऱ्यांदा नऊ, आणि ढास. बाई वैतागल्या. "भाऊ, जाऊ द्या ना. जेवढं येतं तेवढं घ्या. खालचं घ्या फक्त. मी काही तक्रार करणार नाही."

हेच. अगदी हेच मला नको होतं. इतकी समजूतदार बाई समोर असली की माणूस लगेच वितळतो. मी म्हणालो, "बाई, तक्रार करा. माझ्या नावानं शिव्या घाला. पण तेरा सेकंद द्या मला. गपकन मोठा श्वास घेऊ नका, त्यानंच ढास लागते. अर्धाच घ्या. फुलाचा वास घेतो तेवढा. आणि तोंड मिटून मनात तुमच्या गिऱ्हाइकांची नावं घ्या, एकेक करून."

"नावं?"

"सगळ्यांत जास्त डोकं खाणाऱ्यांची."

"तेरा पुरणार नाहीत मग," बाई म्हणाल्या आणि हसल्या. त्या वेळी अकरा झाले. त्यापुढच्या वेळी तेरा. आणखी एकदा, पुन्हा तेरा. ठोका अठ्ठावन्नवर आला होता.

मी काचेच्या अलीकडे आलो. चौकटीची वरची रेघ धरली आणि वर नेली, गळ्याखालच्या हाडाच्याही वर. माइकमध्ये सांगितलं, "अंगात गरम गरम वाटेल. कपड्यात लघवी झाली असं वाटेल. झालेली नसते, घाबरू नका."

"आधी सांगितलंत ते बरं केलं," आतून आवाज आला.

"अर्धा श्वास घ्या. रोखा."

मी आकडे बघत नव्हतो. छातीकडे बघत होतो. काचेतून, पांघरुणाखाली, हलते का ते. मी सुद्धा श्वास रोखला होता, हे मला नंतर कळलं. आठ गेले. दहा गेले. बाराव्याला गळा जरासा हलला, नुसता आवंढा. तेरा.

"सोडा," मी म्हणालो, आणि आतून अशी ढास आली की टेबल हललं.

त्या रिपोर्टनंतर माझ्या बायकोनं आणखी दोनदा सांगितलं होतं. मी म्हणालो, "अगं, मी स्वतः बघितलंय. उघडे आहेत तिन्ही. तुझ्या डोक्यातून ते काढ." एकदा तर चिडून म्हणालो, "तुला माझ्यापेक्षा जास्त कळतं का?" मग तिनं सांगायचं बंद केलं. मला वाटलं, बरी झाली. सात महिन्यांनी, दुसऱ्या तासाला, फळ्याजवळ कोसळली. वर्गातल्या मुलींनी पाणी आणेपर्यंत सगळं संपलं होतं. दोन वर्षांनी एका व्याख्यानात डॉक्टरांनी पडद्यावर अशीच एक केस दाखवली. हाताची वाहिनी वरच अरुंद झाली की हात काम करायला लागल्यावर हृदयाच्या वाट्याचं रक्त उलटं ओढून घेतो, असं ते समजावून सांगत होते. मी उठून बाहेर गेलो आणि जिन्यात बसलो. तिचं तसंच होतं का? मला माहीत नाही. कुणालाच माहीत नाही. तिचा तो स्कॅन अजून आमच्याकडे जपलेला आहे, मी शंभरदा उघडला असेल. पण जे घेतलंच नाही ते कितीही मोठं करून बघितलं तरी दिसत नाही.

मॅडमनी बाईंची चित्रं उघडली तेव्हा मी त्यांच्या खुर्चीमागे उभा होतो. त्यांनी हृदय फिरवून बघितलं. पायातल्या शिरांचे दोन ग्राफ्ट, उघडे. छातीतला, उघडा. त्या त्याच वाहिनीवरून वर वर गेल्या, चार बोटं, आणि थांबल्या. हाताच्या मोठ्या वाहिनीची ती जागा मलाही दिसली. दोऱ्याएवढी.

"काका," मॅडम हळूच म्हणाल्या. "मी खाली थांबले असते तर पुन्हा उत्तम म्हणून लिहून दिलं असतं."

मी विचारलं, "याला काय करतात?"

"स्टेंट. छाती उघडायची गरज नाही. बहुतेक वेळा अर्धा-पाऊण तासाचं काम, दुसऱ्या दिवशी घरी."

अर्धा-पाऊण तास. मी बाहेर जाऊन हात धुतले, काही कारण नसताना.

मॅडमनी नवरा-बायकोला बोलावून समजावून सांगितलं. मी दारात होतो. नवरा सगळं ऐकून घेतल्यावर म्हणाला, "म्हणजे हिला खरंच दुखत होतं?"

"नाहीतर काय!" बाई उसळल्या. "दोन वर्षं काय गाणं म्हणत होते मी? नाटकी म्हणालात. कामचुकार म्हणालात. आपल्या बहिणीला फोन करून सांगितलंत की हिला लक्ष वेधून घ्यायची सवय आहे! आता करा फोन!" त्या ओरडत होत्या आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. नवरा "चुकलं, चुकलं बाई" म्हणत त्यांच्या खांद्यावरची पिशवी काढून घेत होता. "पिशवी कशाला काढता? पिशवीनं नाही दुखत, किती वेळा सांगितलंय!" अख्ख्या कॉरिडॉरमध्ये ऐकू जात होतं. मॅडम गालातल्या गालात हसत होत्या.

मी त्या दोघांकडे बघत राहिलो. मला हेवा वाटला.

जाताना नवरा माझ्यापाशी थांबला. "साहेब, मॅडम म्हणाल्या, तुम्ही हट्ट धरलात. तुम्हाला कसं कळलं हो?"

"माझ्या बायकोनं सांगितलं होतं," मी म्हणालो. "तिलाही असंच व्हायचं."

"बघा!" बाई नवऱ्याला म्हणाल्या. "याला म्हणतात बायकोचं ऐकणं. शिका काहीतरी."

नवऱ्यानं मान हलवली. मी तेवढ्यावर सोडलं असतं तरी कुणाला कळलं नसतं. पण ते माझ्याच्यानं गिळवेना.

"मी नाही ऐकलं," मी म्हणालो. "ती सांगत होती आणि मी गप्प बस म्हणालो. ती गेली."

बाईंच्या चेहऱ्यावरचं हसू उतरलं. त्यांनी नुसता माझा दंड धरला, क्षणभर. मग दोघं लिफ्टकडे गेले.

संध्याकाळी घरी आलो. दिवे लावले नाहीत, बूट काढले नाहीत. तसाच स्वयंपाकघरात ती बसायची त्या खुर्चीसमोर बसलो आणि नऊ वर्षांत पहिल्यांदा मोठ्यानं बोललो. "अगं, तुझं खरं होतं. दुखत होतं तुला. माझंच चुकलं."

आणि वाट बघत बसलो. वेडा म्हणा हवं तर. मला वाटत होतं, आता ती त्या बाईंसारखी उसळेल, टेबलावर हात आपटेल, "तेव्हा काय सांगत होते मी!" म्हणून सगळा जिना ऐकेल अशी भांडेल, माझी अक्कल काढेल, माझ्या बहिणीपर्यंत जाईल. तास, दोन तास, रात्रभर बोलली असती तरी मी मध्ये एक शब्द बोललो नसतो. पण ती स्वभावानं तशी नव्हतीच. मी गप्प बस म्हणालो होतो आणि ती गप्प बसली होती.